भरल्याशिवाय न सुटणारी गाडी

भाऊजी, भांडण अर्धं टाकून उठून जायची तुमची रीत नव्हती. ताईनं ताटं वाढली तरी तुम्ही हात धुवायला जाता जाता एक मुद्दा ऐकवायचात आणि हात पुसत परत येताना दुसरा. या खेपेला मात्र नागपूरच्या दवाखान्यात तुम्ही डोळे मिटलेत आणि आपलं इतक्या वर्षांचं भांडण माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं. एकट्यानं भांडता येत नाही हो. तरी मी करून पाहतो आहे. आंघोळ करताना तुमच्या बाजूनं बोलतो, दाढी करताना माझ्या बाजूनं, आणि बायको दाराबाहेरून विचारते, "कोनासंग बोलून राह्यले जी?"

तुम्ही गेल्याला आज महिना झाला. सकाळी ताईकडे महिन्याचं पान वाढलं, कावळा लवकर आला, आणि घरी येऊन मी हे लिहायला बसलो. मराठीत लिहितो आहे. माझी शाळा हिंदीत झाली, परमिट हिंदीत, दंडाची पावती हिंदीत, तुमचा तो आराखडाही हिंदीत. पण आपण भांडलो ते आपल्या बोलीत, आणि लिहिण्यापुरतं जे मराठी मला येतं ते तुम्ही गोंदियाहून आणलेली पुस्तकं वाचून आलेलं आहे. आपल्या पोरांना हे वाचून दाखवावं लागेल. ती हिंदीतच रुसतात आणि हिंदीतच हसतात.

त्यांना कळावं म्हणून आधी आपली ओळख सांगतो. तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म नगर नियोजनाच्या ऑफिसात नकाशे काढण्यात गेला. रिटायर झालात, आता जरा घरात बसाल असं ताईला वाटलं, तोच बालाघाट आणि आसपासच्या तहसिलींसाठी बसगाड्यांचा वीस वर्षांचा आराखडा करायचं निघालं. सरकारी बस आपल्याकडून कधीच गेली. रस्त्यावर उरलो ते आम्ही, खाजगी मोटरवाले. समितीवर तुम्ही सल्लागार आणि मी मोटरमालकांचा प्रतिनिधी. माझ्या गाड्या दोन, एक तिरोडीकडे जाणारी, एक बिरशाकडे, आणि तेवढ्यावर तुम्ही मला चारचौघांत 'मालक' म्हणायचात. मेहुण्यामेहुण्यांत जेवढी चेष्टा चालते तेवढी सगळी आपण समितीत नेऊन ठेवली होती.

मीही सोडायचो नाही. म्हणायचो, "भाऊजी, वीस वर्साचं प्लॅनिंग करता, अन् बीपीची गोळी रोजची रोज घेनं होत नाई तुमच्याच्यानं." तुम्ही म्हणायचात, "गोळी माह्यासाठी आहे. प्लॅन तुह्या नातवासाठी आहे. कोनतं आधी पाहू?" तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

आराखड्यात बरीच उद्दिष्टं होती. प्रत्येक तहसिलीतून जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत सकाळची एक गाडी आणि संध्याकाळची परतीची एक. रेल्वे आली की तिच्या उतारूंसाठी उभी असलेली बस. म्हाताऱ्यांना चढता येईल अशी खालची पायरी. थांब्यावर छप्पर आणि प्यायचं पाणी. यातल्या कशावरही आपलं भांडण नव्हतं. भांडण पहिल्या उद्दिष्टावर होतं, आणि ते तुमच्या हातचं एकच वाक्य होतं: गाडी भरो न भरो, वेळ झाली की सुटेल.

बाहेरच्या माणसाला यात भांडण्यासारखं काय ते कळायचं नाही. आमच्या धंद्यात गाडीला वेळ नसते, गाडीला पोट असतं. भरलं की निघते. तोवर ड्रायव्हर इंजिन सुरू ठेवतो, गाडी हातभर पुढं घेतो, हातभर मागं घेतो. कंडक्टर दारावर थापा मारून "चलो चलो, छूट रही है" म्हणून ओरडतो. पानठेल्यावरचा माणूस चुना तसाच टाकून धावत येतो, बसतो, आणि गाडी पुन्हा मागं येते. बैहरच्या स्टँडवर एकदा तुम्ही माझ्याच गाडीत बसला होतात. ही पुढं-मागं बराच वेळ सोसलीत आणि मग खाली उतरून माझ्या ड्रायव्हरला, सुखदेवला, विचारलंत, "हा पाळना कोनाचा आहे बापू? लेकरू झोपलं का नाई अजून?" सुखदेव आजही तो किस्सा नव्या कंडक्टरांना सांगतो.

पण माझं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं का, भाऊजी? गाडी थांबते ती नुसती लोभानं थांबत नाही. सुखदेवला ठाऊक असतं की पुढच्या वळणावर मोहफुलांची टोपली घेऊन एक म्हातारी येते आणि तिचे गुडघे दुखतात. तो लांबूनच हॉर्न वाजवतो, ती हात वर करते, गाडी थांबते. एखाद्या घरून पोरगी सांगत येते, "आई लुगडं नेसून राह्यली, थांबा," आणि अख्खी गाडी थांबते. कुणी कुरकुर करत नाही, कारण उद्या आपल्यासाठीही थांबेल हे ज्याला त्याला माहीत असतं. वेळेची गाडी शहरात असेल, आपल्याकडे माणसाची गाडी आहे, असं मी समितीत म्हणालो तेव्हा मोटरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही चष्मा पुसत बसलात.

घरी आल्यावर तुमचा नंबर लागला. "मनोहर, दया करायची तं आपल्या येळातून कर ना. दुसऱ्याच्या येळातून काहून करतं?"

मी चिडलो. "अन् रिकाम्या गाडीत डिझेल कोन टाकते? तुम्ही?"

"सरकारनं टाकावं. म्हून तं प्लॅन आहे. दवाखान्यात पेशंट नाई म्हून नर्सबाईले कोनी घरी पाठवते का?"

"सरकार देईन तवा देईन. तोवर मोटरवाल्याले पोट नाई का?"

ताई आतून ओरडली, "दोघंही आपापल्या घरी जा आता!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी घरीच आहो." त्यावर तीही हसली आणि भांडण चहात विरलं. अशी आपली किती भांडणं चहात विरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी झाली.

तुमच्या समोरच्या खोलीत तो नकाशा भिंतभर लावलेला होता. रस्ते दाखवायला तुम्ही ताईची विणायची लोकर पळवलीत. वारासिवनीकडची गाडी हिरवी, तिरोडीची पिवळी, परसवाड्याची निळी. बिरशापलीकडच्या जंगलातल्या गावांपर्यंत लाल लोकर न्यायची होती, तर ती बैहरपाशीच संपली आणि ताईनं नवा गुंडा द्यायला साफ नकार दिला. "माह्या नातनीचं स्वेटर होतं ते," ती म्हणाली. तुम्ही उरलेला रस्ता लाल पेन्सिलीनं काढलात आणि मला म्हणालात, "पाय, खरं पन असंच होते. बैहरपर्यंत सगळं पुरते." तुमचं माहेर म्हणावं ते त्याच बाजूला होतं. तुमची थोरली बहीण, कौसल्याबाई, बिरशापलीकडच्याच एका खेड्यात दिलेली. आईच्या मागं तिनंच तुम्हाला वाढवलं, हे तुम्ही फार कमी वेळा बोललात, पण दर दिवाळीला भाऊबीजेसाठी तुम्ही घाट चढून तिच्याकडे जायचात आणि परतताना तिनं दिलेलं जगनीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल मांडीवर धरून बसायचात.

आणि परसवाड्याचा तो बाजाराचा दिवस. लोकांना विचारून घ्यायचं होतं की गाडीची वाट किती वेळ पाहावी लागते. समितीनं दोन शिकलेली पोरं दिली होती, आणि आपण दोघं मागून हिंडत होतो. झाडाखाली बायामाणसं टोपल्या रिकाम्या करून बसली होती, पोरं आडवी झाली होती, उन्हं कलली होती. आणि जिला विचारावं ती सांगे, "वाट कुठं पाहतो जी? बसलो आहो." एकीचं लेकरू तापानं फणफणलं होतं, दुपारपासून मांडीवर होतं. तिनंही तेच सांगितलं. पोरांनी इमानदारीनं सगळ्यांच्या पुढं शून्य लिहिलं. जिल्ह्यात कुणीच गाडीची वाट पाहत नाही, असा निकाल लागला.

परतताना मी माझ्या जीपमध्ये हसून हसून लोटपोट झालो. म्हणालो, "घ्या भाऊजी, पब्लिकची तक्रारच नाई. आता कोनासाठी भांडता?" तुम्हीही आधी हसलात. मग लामट्याचं रेल्वे फाटक बंद लागलं. फाटक उघडलं तेव्हा म्हणालात, "ज्याले कधी टाइम भेटलाच नाई, मनोहर, तो टाइम मागन कसा? रागावन कोनावर?" तुमचं खरं आहे हे कबूल करणं मेहुण्याला शोभत नाही, म्हणून मी जीप चालवणाऱ्या सुखदेवला म्हणालो, जरा दाबून घे.

खरं तर मोटरवाल्याचा धंदा मला तुमच्यामुळेच जमला. पहिली जुनी गाडी घेतली तेव्हा घरात सगळे माझ्यावर उखडलेले. बाबांनी बोलणं टाकलं होतं. पूजा झाली, नारळ फुटला, आणि पहिल्या फेरीला कुणी बसेना, कारण गाडीचा रंग पाहूनच लोकांना ती घाटात बंद पडेल असं वाटत होतं. तुम्ही ऑफिसला दांडी मारून आलात आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलात. कंडक्टर जावयाचं तिकीट फाडायला लाजत होता, तर तुम्ही त्याला दटावून तिकीट फाडून घेतलंत. म्हणालात, "फुकट बसलो तं गाडी खराब आहे असं म्हनता येनार नाई मले." आणि सबंध रस्ताभर नावं ठेवलीत. ब्रेक कर्कश आहे, खिडकी हलते, सीट टोचते. मी इतका खूश होतो की सगळं कबूल करत गेलो. गाडीत बसणारा माणूस हा गाऱ्हाणं करणाराच असला पाहिजे, हे तुम्ही त्या दिवशी शिकवलंत. आभार मानायचे राहिले. घरच्या माणसाचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही, आणि ती पद्धत किती वाईट आहे हे मला नागपूरला दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा समजलं.

दवाखान्यात तुम्हाला बोलायला धाप लागत होती. तरी पहिलं काय विचारलंत? बैठक कधी आहे. मी म्हणालो, शेवटची बैठक पुढच्या महिन्यात, त्यात उद्दिष्टं पक्की होणार. तुम्ही माझं मनगट धरलंत. "पह्यल्या मुद्द्याले पानी घालतीन ते. तू तरी नोको घालू." आणि मी काय बोललो, भाऊजी? म्हणालो, "तुम्ही बरे होऊन या. समोर नसल्यावर हरवन्यात का मजा आहे?" तुम्ही हसलात. मास्कच्या आत तुमचं हसू धूसर झालं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, आणि दुसऱ्या रात्री तुम्ही गेलात.

पहाटे तुम्हाला बालाघाटला आणलं. आपल्या दोन्ही गाड्या उभ्या केल्या. घरातलं माणूस गेलं की घरची गाडी रस्त्यावर काढत नाहीत, ती आमची रीतच आहे. तिरोडीकडचे लोक रेल्वेनं आले, बाकीचे मोटरसायकलींवर. कौसल्याबाईंना सकाळीच निरोप पोचला होता. ताईनं फोन लावला तेव्हा त्या बिरशाच्या स्टँडवर पोचल्या होत्या. दिराच्या मुलानं मोटरसायकलवर आणून सोडलं होतं. तो इथवर आणायला तयार होता, पण समोर गाडी उभी, इंजिन सुरू, कंडक्टर "छूट रही है" ओरडत असलेला. मग म्हातारीला घाटातून मोटरसायकलवर कशाला न्यायची? "बसली मी गाडीत," त्या म्हणाल्या. "सुटूनच राह्यली."

इथून जीप पाठवायची का, असं कुणीतरी विचारलंही. नको, म्हटलं सगळ्यांनी, सुटलीच आहे गाडी, जीप पोचेपर्यंत त्या निम्म्या वाटेवर असतील. थोड्या वेळानं पुन्हा फोन केला. "सुटूनच राह्यली." आणखी उशिरानं केला, तेव्हाही तेच. फोनमध्ये इंजिनाचा आवाज ऐकू येत होता, पुढं जातानाचा आणि मागं येतानाचा. घरात बसलेली निम्मी माणसं मोटरलाइनची. ड्रायव्हर, कंडक्टर, मालक, सगळे. जन्मभर आम्ही तोच आवाज काढून लोकांना बसवत आलो, आणि तो आवाज ऐकून आम्हीच फसलो. त्या इंजिनावर आमचा एवढा विश्वास बसला की जीप अंगणातच राहिली.

तुमच्या बहिणीसाठी थांबलो आम्ही. दुपार थांबलो. "बहीन येऊन राह्यली, थांबा," असं जो तो नव्या आलेल्याला सांगत होता. पण तुम्ही आदल्या रात्रीपासूनचे होतात, दिवस मावळत चालला होता, आणि जाणती माणसं म्हणाली की आता उशीर करू नये. आम्ही तुम्हाला उचललं. वैनगंगेच्या काठावर उन्हं असेपर्यंत सगळं आटोपलं. नदीत पाणी बऱ्यापैकी होतं आणि तुमच्या पोरानं सगळं नीट केलं.

घाटावरून घरी आलो तर तुम्हाला जिथं ठेवलं होतं तिथली फरशी धुतलेली होती, दिवा लावलेला होता, आणि त्या ओल्या फरशीवर कौसल्याबाई बसलेल्या होत्या. लुगडं भिजलं होतं. मांडीवर नवा कोरा पांढरा दुपट्टा, घडीसुद्धा मोडलेली नाही. भावावर घालायला बिरशाच्या दुकानातून घेतलेला. गाडी उभीच होती, म्हणून घ्यायला वेळ मिळाला, असं त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "आता याचं का करू, मनोहर?"

मी त्यांच्या पायाशी बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या ड्रायव्हरला शिव्या दिल्या. कोणाची गाडी होती, उद्या पाहतो एकेकाला, असं काहीबाही बोललो. कौसल्याबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे बापू. गाडी भरली नोती ना. त्याचा का दोस? त्यालेही पोट आहे." आवाजात राग नव्हता. नावालाही नव्हता. ते माझंच वाक्य होतं, भाऊजी, तुमच्या घरी भांडताना तुमच्यावर फेकलेलं, आणि ते तुमच्या बहिणीच्या तोंडून माझी समजूत घालायला आलं. त्या रागावल्या असत्या तर मी सहन केलं असतं. ताईनं तो दुपट्टा घेऊन कपाटात ठेवला आणि मी मागच्या अंगणात जाऊन मोकळेपणानं रडलो.

तेरवीनंतर आठवडाभरात बैठक आली. आधी दोन मिनिटं उभं राहून तुम्हाला श्रद्धांजली दिली. साहेब चांगले बोलले तुमच्याबद्दल, खोटं नाही बोलणार. मग चहा आला आणि पहिला मुद्दा निघाला. साहेब म्हणाले, "ऐसा करते हैं, इसमें 'यथासंभव' डाल देते हैं. बस यथासंभव समय पर छूटेगी. वसंतराव जी की बात भी रह जाएगी, आप लोगों की भी." यथासंभव, म्हणजे जमलं तर. तुम्ही म्हणाला होता तेच पाणी, आणि तुमच्याच नावानं घातलेलं. सगळे मोटरवाले समाधानानं माझ्याकडे पाहायला लागले. इतकी वर्षं मीच तर त्यांच्या बाजूनं घसा कोरडा केला होता.

मी म्हणालो, "साहब, यथासंभव निकाल दीजिए."

मग माझ्या शेजारचा कटंगीचा मालक म्हणाला, "मनोहरभाई, जीजाजी के गम में दिमाग फिर गया क्या?" मला कौसल्याबाईंबद्दल सांगायचं होतं. जमलं नाही. त्या चहाच्या कपांसमोर ती ओली फरशी काढून ठेवावीशी वाटेना. मी एवढंच म्हणालो की बीस साल का प्लान है, आज ना सही, बीस साल में तो टाइम पर छूट सकती है कि नहीं? लोक हसले. हसण्यातच साहेबांनी तो शब्द खोडला. रिकाम्या गाडीचा तोटा सरकारनं भरून द्यावा हे तुमचं कलमही राहिलं, कारण त्याला कोणता मोटरवाला नाही म्हणेल? पण तुमचा पहिला मुद्दा आता पहिला नाही. वर छपरं आली, रंगीत पाट्या आल्या, मोबाइलवर गाडी दिसायची सोय आली, आणि तुमचं वाक्य पार खाली गेलं, शेवटून दुसरं. तुम्ही असतात तर टेबलावर मूठ आपटली असती. मला तेवढंच जमलं. शब्द अख्खा ठेवला, जागा नाही राखता आली.

आराखडा मंजूर होईल, तोट्याचे पैसे येतील, तेव्हा येतील. मी माझी बिरशाची सकाळची गाडी घड्याळावर सोडायला लागलो. बिरशाच्या स्टँडवर पत्र्याची पाटी लावली, सुबह सात बजे. पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेलो, तर सुखदेव सीटवर बसून मान वळवून माणसं मोजत होता. मागं मोजून पाच माणसं. "मालक, रिकामी न्यायची?" मी म्हटलं, "ने." गाडी निघाली तेव्हा मी तोंड फिरवलं, ते तुमच्या आठवणीनं असं म्हणायला मला आवडेल, पण खरं सांगायचं तर डिझेलच्या विचारानं. दुसऱ्या मालकाचा एजंट पानठेल्यावरून मोठ्यानं हसला. आणि मी सुखदेवला सक्त ताकीद दिली की कुणी का येईना, वेळ झाली की काढायची. एकासाठी थांबलास की सगळं मुसळ केरात.

अजून माझी खात्री नाही, भाऊजी. मोहाच्या टोपलीवाल्या म्हातारीचं काय करायचं ते तुम्ही सांगून गेला नाहीत. सुखदेव विचारतो, मी डाफरतो. वळणावर आता तो हॉर्न आधीपासून वाजवत जातो, एवढीच सुधारणा. कधी वाटतं तुमचं बरोबर, कधी माझं, आणि बहुतेक वेळा दोघांचंही बरोबर असून गाडी मात्र एकच आहे.

काल सकाळचं सांगायचं म्हणून खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. आजच्या पानासाठी कौसल्याबाई काल निघाल्या. मी त्यांना गाडीची वेळ कळवली होती, पण जन्माची सवय. स्टँडवर गाडी उभी असणारच म्हणून त्या सावकाश आल्या. सुखदेवनं त्यांना आरशात पाहिलं. हात वर केलेला पाहिला. आणि माझी ताकीद आठवून, डोळे मिटल्यासारखं करून, गाडी काढली.

मला फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. त्या अशा ओरडत होत्या की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मनोहर! गेली ना तुही गाडी मले सोडून! पायलं त्यानं मले, आरशातून पायलं, अन् गेला मुडदा! काहून गेला? म्हाताऱ्या मानसाले असं टाकून जातेत का? सांग मले, कोनाले इचारून गेला तो?" कौसल्याबाईंचा राग मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. त्यांच्या मागं दुसऱ्या कुणाच्या गाडीचं इंजिन पुढं-मागं होत होतं.

मी हादरलोच. म्हणालो, "चुकलं बाई. तुम्ही तिथंच थांबा, मी जीप घेऊन निघतो. अन् सुखदेवले सांगून ठेवतो. याच्यापुढं तुमच्यासाठी गाडी थांबन."

पलीकडे ते इंजिन पुन्हा एकदा पुढं गेलं, मागं आलं. मग त्या बोलल्या, हळू, आणि राग तसाच होता.

"थांबवू नोको, बापू. त्या दिवशी थांबलीच होती ना."